रडायचं ते बाभळीखाली

मालेगावहून मनमाडकडे जाताना डाव्या हाताला एक रस्ता आत वळतो. त्या रस्त्याने सहा किलोमीटर गेलं की कारभारींचा मळा लागतो आणि मळ्याच्या तोंडाशी एक बाभूळ. गेली दोन वर्षं या घराला भेटायला येणारी माणसं आधी त्या बाभळीखाली रडत आणि मग घरात जाऊन हसत. ही पद्धत कारभारींनी घालून दिली होती.

कारण असं की दोन वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा मुलगा मल्हारी एकतिसाव्या वर्षी गेला. पोटात आतडं फुटलं, नाशिकला ऑपरेशन झालं, तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. दहाव्याला नदीवर त्याची आई, सावित्रीबाई, चक्कर येऊन पडल्या. मालेगावच्या डॉक्टरांनी बीपी बघितला, गोळी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटकडे वळता वळता म्हणाले, "मावशींना आनंदात ठेवा. टेन्शन अजिबात द्यायचं नाही."

डॉक्टर हे दिवसातून चाळीस वेळा म्हणत असतील. कारभारींनी मात्र ते औषधाच्या डोससारखं ऐकलं. सकाळ-संध्याकाळ, न चुकता.

घरी आल्या आल्या त्यांनी मल्हारीचा हार घातलेला फोटो भिंतीवरून काढून बाजरीच्या कोठीमागे ठेवला. मल्हारीचं नाव घ्यायचं नाही असं ठरलं. टीव्हीवर विनोदी कार्यक्रम सोडून काही लागेना. बातम्यासुद्धा बंद, कारण बातम्यांत माणसं मरतात. कोणी नातेवाईक डोळ्याला पदर लावून येताना दिसलं की कारभारी काठी टेकत बाभळीपर्यंत जात आणि सांगत, "रडायचं आसंल तर हितंच रडून घ्या. आत हासत या." माणसं बिचारी रडून घेत. कोणी घाईघाईने, कोणी सविस्तर. मग तोंड पुसून आत जात आणि विचारत, "काय म्हणता सावित्रीबाई, मजेत?"

"मजेत," सावित्रीबाई म्हणत.

कांदा चिरायचं कामही त्यांच्याकडून काढून घेण्यात आलं होतं. डोळ्याला पाणी नको. ते काम कारभारींनी अंगावर घेतलं. रोज सकाळी ओट्यावर पाट मांडून, विळीवर बसून ते कांदा चिरत आणि घळाघळा रडत. दोन कांदे लागायचे तिथे आठ चिरत. दोन वर्षांत त्या घरात भाजी कुठलीही असो, ती कांद्याचीच असे. आनंदात असलेल्या घरात तक्रार करायची नसते.

मल्हारीची बायको प्रतिभा शेततळ्यावरची मोटर चालू करून रडायची. मोटरीचा आवाज मोठा होता. रडून झालं की मोटर बंद करून, तोंडावर पाणी मारून परत. आठवड्यातून दोनदा पुरे व्हायचं.

सावित्रीबाईंना मात्र जागा नव्हती. त्या दिवसभर आनंदात असत.

मल्हारीने मागे ठेवलं म्हणावं असं एकच होतं: डाळिंबाची बाग. साडेतीनशे झाडं. लग्न झालं त्या वर्षी त्याने आणि प्रतिभाने खड्डे घेतले, रोपं लावली, तिसऱ्या वर्षी एक बहार धरला. फळं अशी आली की सायखेड्याहून प्रतिभाचा भाऊ खास बघायला आला आणि जाताना दोन क्रेट घेऊन गेला. पुढच्या वर्षी मल्हारी गेला आणि त्यानंतर बागेने एक फळ दिलं नाही. झाडं हिरवीगार, पानं तेलकट चमकणारी, फांद्या अंगावर येतात, फूल नाही.

शेजारची साळूबाई, माहेर सटाण्याकडचं, बांधावरून बघून अहिराणीत म्हणायची, "माय वं! हाई बाग नही, हाई ते जंगल शे!"

थोरला वाल्मीक रेल्वेत होता, बायकामुलांसह मनमाडला क्वार्टरमध्ये. तो रविवारी मळ्यावर यायचा. पहिल्या वर्षी त्याने फोनवरून बाग सांभाळली. दुसऱ्या वर्षी सल्लागार बोलावला. सल्लागार गॉगल न काढता बागेतून फिरला, प्रतिभाने काही सांगायला तोंड उघडलं तेव्हा म्हणाला, "ताई, घरात कोणी माणूस आहे का बोलायला?" मग त्याने वाल्मीकला फोन लावला आणि माती तपासायला पुण्याला पाठवायला सांगितली. माती पुण्याला गेली. मातीत काही दोष नव्हता.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी वाल्मीक हेल्मेट हातात घेऊन बागेच्या मधोमध उभा राहिला.

"बास झालं प्रतिभा. दोन बहार वाया गेले. ही शोभेची झाडं हायेत. जेसीबी लावतो, मका तरी करता यील."

"यंदा मी धरते बहार," प्रतिभा म्हणाली.

"तू?"

"त्यांनी धरला तव्हा फवारणीचा पंप माझ्या पाठीवर व्हता दादा. दुसऱ्या कोणाच्या नव्हता."

वाल्मीकने हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "शिवरात्रीपर्यंत. शिवरात्रीला कळी दिसली तर बाग ऱ्हाईल. नाय दिसली तर मला आडवं यायचं नाय."

"नाय येणार."

"आणि तुझा भाऊ मला परवा फोनवर म्हणत व्हता का तुला सायखेड्याला…"

तेवढ्यात सावित्रीबाई चहाची किटली घेऊन येताना दिसल्या. वाल्मीकने वाक्य अर्ध्यात सोडलं आणि आवाज चढवला. "आई! काल स्टेशनात काय गंमत झाली! एक माणूस म्हैस घेऊन प्लॅटफॉर्मावर!"

"आगं बाई," सावित्रीबाई म्हणाल्या आणि हसल्या. ही म्हैस त्यांनी गेल्या वर्षीही ऐकली होती.

डाळिंबाचा बहार धरायचा म्हणजे आधी झाडाचं पाणी तोडावं लागतं. याला ताण देणं म्हणतात. चाळीस दिवस थेंब द्यायचा नाही. पानं पिवळी पडतात, मग गळतात, बाग काड्यांची होते. मग एके दिवशी पाणी सोडायचं, आणि झाड कळीने फुटतं. पाणी देत राहिलं तर झाड सुखाने पाला वाढवत बसतं. एवढंच आहे. पण बघवत नाही, म्हणून पुष्कळ लोक ताणाच्या दिवसांत बागेत जातच नाहीत.

एक डिसेंबरला प्रतिभाने ठिबकचा कॉक बंद केला. शेततळं बागेच्या वरच्या अंगाला होतं. कॉक उघडला की मोटरीशिवाय उतारानेच पाणी नळ्यांत धावायचं. नळ्या उसाच्या वाळल्या पाल्याखाली, पाचटाखाली, झाकलेल्या. कॉक बंद केला आणि ती कांदा लावायला गेली. कांदा लागणीचे दिवस होते. मजूर मिळत नव्हते, म्हणून चार घरच्या बायकांची सावड होती: आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या. दुपारभर वाकून बोटाने रोप खोचायचं. रात्री पाठ सरळ करताना पाठीचा एकेक मणका आपलं नाव सांगायचा.

बाराव्या दिवशी तिने झाडं बघितली. हिरवी. थंडी आहे, उशीर लागेल, असं मनाला सांगितलं. अठराव्या दिवशीही हिरवी. उलट शेंड्यांना नवी लालसर पालवी. तिने पाचट बाजूला सारलं, खुरप्याने वीतभर उकरलं. माती हाताला गार लागली. मुठीत दाबली तर लाडू वळला.

ती तिथेच उकिडवी बसून राहिली. मग उठून शेततळ्यावर गेली. पाणी हातभर खाली गेलेलं. म्हणजे तळाला अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद फाटला आणि पाणी झिरपतंय. तिने देवळ्याहून दुरुस्तीवाला बोलावला. तो दोन तास काठाकाठाने फिरला.

"कागद चांगला हाय. घरात कोणी गडीमाणूस?"

"हाय. टीव्ही बघतोय."

"त्यांना सांगा, कागदाचा प्रॉब्लेम नाय."

"मला कळलं तेवढं."

त्याने पिशवी उचलली आणि निघून गेला.

एकविसाव्या दिवशी साळूबाईकडचं रोप दुपारीच संपलं. बायका चहाला बसल्या, प्रतिभा घरी निघाली. घरातून टीव्हीतल्या माणसांच्या हसण्याचा आवाज येत होता. कारभारी खाटेवर तोंड उघडं टाकून झोपलेले, त्यांच्या वतीने टीव्ही हसत होता. सावित्रीबाई घरात नव्हत्या. रोज दुपारी त्या चालायला जात. तेही डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

प्रतिभा हातपाय धुवायला शेततळ्याकडे वळली आणि थांबली.

कॉकपाशी सावित्रीबाई बसल्या होत्या. मातीत मांडी घालून, पदर डोक्यावर, कान नळीला लावलेला. पाणी चाललेलं ऐकत होत्या.

"आत्या!"

त्यांनी मान वर केली. दोन वर्षांच्या सवयीने चेहऱ्यावर आधी हसू आलं. ओसरीवर दिवसाढवळ्या चालू राहिलेल्या बल्बसारखं ते तसंच राहिलं. "चालायला आले व्हते."

"कॉक कोणी उघडला?"

सावित्रीबाई पदराने नळीवरची माती पुसू लागल्या.

"दोन वर्सं… तुम्हीच?"

"रोज न्हाई," त्या म्हणाल्या. "एक दिसाआड."

प्रतिभाच्या हातात कांद्याच्या रोपाची रिकामी पाटी होती. ती तिने आपटली. पाटी दोनदा उडाली आणि शेततळ्याच्या उतारावर जाऊन थांबली. "सल्लागार आणला, माती पुण्याला गेली, त्या माणसानं मला विचारलं घरात माणूस हाय का! मी गप बसले. आन तुम्ही हितं बसून पाणी सोडताय? जेसीबी येणार हाय आत्या. समदी झाडं उपटून टाकणार. शिवरात्रीला. त्यांची बाग हाय ही, माझ्याकडं दुसरं काय हाय?"

"मला म्हाईत हाय."

"म्हाईत हाय? मग कामून?"

"तहानलीत गं ती," सावित्रीबाई म्हणाल्या. हसू अजून चेहऱ्यावर होतं, फक्त आता ते थरथरत होतं. "पानं लोंबली ना, का मला बसवत न्हाई. घरात बसते, टीव्ही लावत्यात, समदी हासत्यात. माझ्या कानात ते पाणी मागत आसतं."

"कोण?"

विचारताच प्रतिभाला कळलं. पण प्रश्न तोंडातून गेला होता.

"मल्हारी."

दोन वर्षांत त्या मळ्यात, बाभळीच्या अलीकडे, हे नाव पहिल्यांदा घेतलं गेलं. काही पडलं-झडलं नाही. नळीत पाणी चाललं होतं.

"शेवटल्या रात्री म्या व्हते त्याच्यापाशी," सावित्रीबाई नळीकडे बघत म्हणाल्या. "ऑपरेशन झालेलं. सिस्टर म्हणाली, मावशी, पाण्याचा थेंब देऊ नका, टाके हायेत आतून. बरोबरच म्हणाली ती. तो म्हणला, आई, घोटभर दे. म्या म्हणलं, सकाळी देते. परत म्हणला. म्या म्हणलं, सकाळी. तिसऱ्यांदा म्हणला तव्हा पदराचं टोक ओलं करून व्हटाला लावलं. चोखाया लागला पोरगा. लहान व्हता तव्हा चोखायचा तसा. मंग सिस्टर आली म्हणून म्या पदर काढून घेतला." त्या थांबल्या. "सकाळ झाली. तांब्या भरलेला व्हता. म्या शहाण्यासारखी वागले गं पोरी. समदी म्हणली, तुम्ही बरोबर केलं. मला येकदा कोणी म्हणलं आसतं का न्हाई केलं बरोबर, तर म्या मोकळी झाले आसते."

प्रतिभा त्यांच्यासमोर खाली बसली. बराच वेळ ती हातावरची वाळलेली माती नखाने काढत राहिली.

"मी खाली कँटीनमधे व्हते," ती म्हणाली. "तुम्हाला नाय सांगितलं मी. वरनं फोन आला तव्हा मी वडापाव खात व्हते. भूक लागली व्हती. फोन आला, आन मी आत्या… तोंडातला घास आधी चावला. गिळला. मंग पळाले."

सावित्रीबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा, ज्याला दोन वर्षं सगळ्यांनी मिळून टेकू दिला होता, तो हळूहळू खाली आला. आधी आवाज निघाला नाही. मग जो निघाला तो रडण्याचा म्हणून ओळखू येईना. म्हातारी गाय हंबरावी तसा तो लांबला, मोठा होत गेला, आणि प्रतिभाचा त्यात मिसळला. मोटर बंद होती. झाकायला काही नव्हतं.

कारभारी काठी न घेताच आले. एका गुडघ्यावर लंगडत, धोतराचा सोगा हातात, केस उभे. समोरचं दृश्य बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "आगं! आगं काय झालं? बीपी! प्रतिभा, गोळी आन! सावित्री, हास. आगं हास ना. ते ऐक, म्हैस घेऊन एक माणूस ठेसनात…"

"म्हैस मेली!" सावित्रीबाई ओरडल्या. "दोन वर्सं झाली, मेली आसंल ती!"

कारभारींनी हातातला धोतराचा सोगा खाली सोडला.

"डॉक्टर म्हणला व्हता तुला आनंदात…"

"मल्हारी पाणी मागून गेला आन म्या दिलं न्हाई. हे मला आनंदात कोणाला सांगता यीना." त्यांनी नाक पुसलं. "आन तुम्ही रोज आठ कांदं चिरता. मला कळत न्हाई व्हय? तुमचं रडं रोज खाते म्या, भाकरीसंगं. सकाळ-संध्याकाळ."

कारभारी इकडे तिकडे बघू लागले. बसायला काही नव्हतं. बाभूळ दीडशे पावलं लांब होती. शेवटी ते तिथेच, ओल्या पाचटावर, एकेक हाड जमवत खाली बसले. आणि विळी-कांदा काही हाताशी नसताना, दोन वर्षांत पहिल्यांदा, रडले.

सूर्य मावळतीला आला तेव्हा तिघांचे डोळे सुजलेले होते आणि थंडी अंगाला लागत होती. सावित्रीबाईंनी हळूच विचारलं, "झाडाला दुखत आसंल ना गं?"

"दुखत आसंल," प्रतिभा म्हणाली. ती खोटं बोलली नाही. "ते म्हणायचे, लाडात ठेवलं तर झाडाला फळ धरायची आठवणच राहात नाय. तहान लागली का आठवतं."

"मल्हारी म्हणायचा?"

"पहिला बहार धरला तव्हा. मीपण हेच विचारलं व्हतं."

"मंग काय म्हणला?"

"म्हणले, तू आत जा, चहा कर."

सावित्रीबाईंच्या तोंडातून हुंदका निघाला की हसू, हे सांगता आलं नसतं. "तसाच व्हता मेला," त्या म्हणाल्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या, दोन्ही हातांनी कॉकचा दांडा धरला आणि फिरवला. नळीतला आवाज बारीक होत होत थांबला. त्यांनी कान लावून खात्री केली.

प्रतिभाने मोटरीपाशी ठेवलेल्या पक्कडीने तो पितळी दांडा काढला आणि सावित्रीबाईंच्या हातात दिला. कारभारी म्हणाले, "आगं, तिच्याकडंच देती व्हय? पुन्हा उघडंल ती."

"त्यांच्याकडंच ऱ्हाऊ द्या, मामा."

रविवारी वाल्मीक आला. दारात बूट काढताना त्याची नजर भिंतीवर गेली. मल्हारीचा फोटो परत खिळ्यावर होता; हारावर बाजरीचा कोंडा अजून बसलेला. त्याने घाबरून आईकडे बघितलं. आईचे डोळे लाल होते.

"आईला कोणी रडवलं?" तो खालच्या आवाजात म्हणाला, आणि लगेच वरच्या आवाजात, "आई! काल ड्यूटीवर काय झालं…"

"बस," सावित्रीबाई म्हणाल्या. "बागेला पाणी म्या देत व्हते. दोन्ही वर्सं. प्रतिभाचा काय दोष न्हाई."

वाल्मीक बसला. सांगून होईपर्यंत बसून राहिला. रेल्वेत पंधरा वर्षं काढलेला माणूस, सिग्नल मिळाल्याशिवाय हलायचं नाही हे त्याला ठाऊक होतं.

"सल्लागार आणला मी, आई," शेवटी तो म्हणाला. "माती पुण्याला पाठवली."

"माझ्याकडं बघितलं आसतं तर पुण्याला जायला लागलं नसतं."

वाल्मीकने खाली बघत पँटवरची धूळ झटकली.

"आता शिवरात्रीला कळी निघायची न्हाई," सावित्रीबाई म्हणाल्या. "एकवीस दिस म्या वाया घालवले. व्हळीपर्यंत थांब. तव्हा न्हाई आली तर तुझा जेसीबी आन."

वाल्मीकने मान हलवली. तो उठला आणि सवयीने बाभळीकडे निघाला.

"कुठं चालला?" सावित्रीबाई म्हणाल्या. "हितंच बस."

चाळीस दिवस सोपे गेले असं कोणी म्हणू नये. दहाव्या दिवशी पानं मलूल झाली, पंधराव्या दिवशी दुपारी लोंबू लागली. सावित्रीबाई रोज दुपारी बागेत जात आणि दांडा मांडीवर घेऊन बसत. प्रतिभाने त्यांना "नका जाऊ" म्हटलं नाही. कांदा लावून आली की ती शेजारी जाऊन बसायची. कधी मल्हारीचं बोलणं निघे: पोहायला विहिरीत मारलेली उडी, चौथीत चोरलेला खडू. कधी काहीच निघत नसे. बाविसाव्या दिवशी सावित्रीबाई उठून कॉकपर्यंत गेल्या. दांडा बसवला. हात त्यावर तसाच राहिला. प्रतिभा लांबून बघत होती. ती जागची हलली नाही. थोड्या वेळाने सावित्रीबाईंनी दांडा काढून कमरेला खोचला आणि येऊन बसल्या.

"आज लय मागत व्हता," त्या म्हणाल्या.

"हं."

"सांगितलं त्याला, सकाळ व्हईल."

पानं पिवळी पडली. मग गळायला लागली. पायाखाली पाचटावर पिवळा थर. बाग काड्यांची झाली, आरपार दिसू लागलं. इकडून बघितलं तर साळूबाईच्या वावरात वाकलेल्या बायका दिसत. साळूबाई बांधावर आली. या वेळी तिला बागेला काही नाव ठेवता आलं नाही. ती सावित्रीबाईंजवळ बसली, त्यांचा हात धरला आणि मल्हारीसाठी रडली. बाभळीखाली ती दोन वर्षांपूर्वी रडली होती. ते तिने हिशोबात धरलं नाही.

महिन्याच्या तपासणीला डॉक्टरांनी बीपी मोजला. होता तेवढाच होता. दुःखाने तो वाढला नाही, आणि आनंदाने आधी उतरलाही नव्हता. "छान. आनंदात ठेवा," डॉक्टर म्हणाले. कारभारींनी हो म्हटलं आणि गोळ्या घेतल्या.

जानेवारीच्या शेवटच्या दिवशी सकाळी प्रतिभाने कुदळ ठेवली. छाटणी झाली होती, शेणखत पडलं होतं. ती सावित्रीबाईंना बोलवायला घरात गेली, तर त्या आधीच नवं लुगडं नेसून, कमरेचा दांडा हातात घेऊन बसल्या होत्या. सोबत तांब्या.

कॉकपाशी त्यांनी दांडा बसवला आणि फिरवला. शेततळ्यातलं पाणी आत शिरलं. आधी नळ्यांतून हवा निघाली, पाचटाखालून सुस्कारल्यासारखी, साडेतीनशे ठिकाणी. मग थेंब. सावित्रीबाई पहिल्या झाडापाशी वाकल्या, पाचट सारलं, पदराचं टोक थेंबाखाली धरलं. भिजू दिलं. मग ते टोक त्या झाडाच्या बुंध्याला लावलं आणि हात काढून घेतला नाही. बराच वेळ. कोणी येऊन सांगितलं नाही की पुरे.

तांब्यातलं पाणी मग त्या स्वतः प्यायल्या. घटाघटा, सगळं. प्रतिभाला आठवेना, त्यांना असं पाणी पिताना तिने कधी बघितलं होतं.

शिवरात्रीला कळी नव्हती. वाल्मीक आला, काड्यांवर फुटू पाहणाऱ्या मोहरीएवढ्या हिरव्या डोळ्यांकडे बघून गेला. नंतरच्या आठवड्यात ते हिरवे डोळे तांबूस झाले. होळीच्या चार दिवस आधी प्रतिभा दात घासत ओट्यावर आली आणि तिला वाटलं बागेत कोणी कुंकू सांडलंय. ती तोंडात ब्रश तसाच ठेवून पळाली. प्रत्येक काडीवर दोन, तीन, चार कळ्या. बुडाशी फुगीर, लालभडक, मेणाच्या असाव्यात तशा टणक. फळ धरणारी कळी अशीच असते. तिने एका कळीला बोट लावलं आणि मागे घेतलं, पोळल्यासारखं.

"आत्या!"

सावित्रीबाई आल्या. त्यांनी पहिल्या ओळीतून शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन बघितलं. डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तोंड हसत होतं, आणि दोन्हीपैकी काही पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही. "बघायला पायजे व्हता गं तो," त्या म्हणाल्या.

"हो ना."

सायखेड्याहून प्रतिभाच्या भावाचा त्याच दिवशी फोन आला. तिने सांगितलं, येतेस का विचारू नको, फळ पिकलं की तूच ये, क्रेट घेऊन ये.

होळीच्या दिवशी मनमाडहून वाल्मीक सगळ्यांना घेऊन आला. त्याच्या मागोमाग कारभारींची चुलत बहीण आली, दोन वर्षांत पहिल्यांदाच. तिला जुना नियम कोणीतरी सांगितला होता. ती बाभळीखाली थांबली, डोळ्याला पदर लावून तिने सुरुवातही केली होती. कारभारी काठी टेकत तिथपर्यंत गेले.

"आक्का, हितं उन्हात कशाला? काटं हायेत. आत चल. आत बसून रड, चहा ठिवलाय."

आक्काला काही कळेना. पण ती आत गेली आणि सावित्रीबाईंच्या गळ्यात पडून रडली, आणि मग दोघी डाळिंबाची कळी बघायला गेल्या, आणि तिथून मोठ्याने हसण्याचा आवाज आला. मल्हारीने लहानपणी या आक्काच्या नथीचा मोती गिळला होता, त्याची गोष्ट निघाली होती.

ओट्यावर कारभारींनी पाट मांडला, विळी घेतली, टोपलीतून कांदे काढायला हात घातला. सावित्रीबाई बागेतून परत आल्या होत्या. त्यांनी विळी आपल्याकडे ओढली.

"सरका."

"डोळ्याला पाणी यील."

"यीऊ द्या."

त्यांनी टोपलीतून एक कांदा निवडला, सोलला आणि चिरला. एकच. पुरणपोळीच्या आमटीला तेवढाच लागतो.